नम्रताचं नाक आणि मी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा कुणाचा तरी घडीचा चाकू असावा. माझ्या एका अंगाला छोटं पातं आहे, दुसऱ्या अंगाला बाटलीच्या तोंडावर टेकवायचा पाय आहे आणि मधे घडी घालून ठेवलेला पोलादी पीळ आहे. वाइनच्या बाटलीचं बूच ओढून काढणं हे माझं काम. मी एक जुना कॉर्कस्क्रू आहे. हॉटेलातली माणसं मला ओपनर म्हणतात, आणि मी त्यावर वाद घालत नाही. माझी मूठ शिसवी लाकडाची आहे; तिची झिलई आता उडाली आहे. आमच्या कामातलं पेय मोठ्या माणसांचं, तेव्हा लहान मित्रांनी यातली फक्त गोष्ट घ्यावी.

खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं रिसॉर्ट होतं. तिथे मी माझ्या भावंडांबरोबर खोक्यात बसून आलो. भावंडांचं पुढे फारसं बरं झालं नाही. एक जण हिरवळीत हरवला तो सापडलाच नाही. दुसऱ्यानं रंगाचा डबा उघडताना पीळ वाकवून घेतला आणि कामातून गेला. मी मात्र नशीब काढलं, कारण मी नम्रताच्या हाती पडलो.

नम्रता कर्जतजवळच्या दहिवलीची. घरी भातशेती, आणि घरात वाइनची बाटली कुणी पाहिलेली नव्हती. रिसॉर्टात ती टेबलं लावायला लागली होती. वाइन वाढणारा मुलगा एके दिवशी आला नाही म्हणून तिच्या हातात मला दिलं आणि तिला पाहुण्यांसमोर उभं केलं. तिनं मला तिरका घुसवला. बुचाचा अर्धा तुकडा माझ्याबरोबर वर आला आणि अर्धा बाटलीत बुडाला. पाहुणे भले होते, हसले आणि गाळून प्यायले. नम्रता हसली नाही. तिनं रिकाम्या बाटल्या आणि जुनी बुचं कोठीत नेली. बुचं गरम पाण्यात मऊ करायची, बाटलीत ठोकून बसवायची आणि माझ्याकडून काढून घ्यायची, असं ती काम संपल्यावर करत बसे. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर घट्टे आले. त्यानंतर तिच्या हातून एकही बूच तुटलं नाही.

पण तिची खरी करामत हातात नव्हती, नाकात होती. बूच निघालं की ती ते नाकाशी धरायची आणि क्षणभर डोळे मिटायची. मग पाहुण्यांना सांगायची, ही उन्हात तापलेल्या करवंदासारखी आहे, ही ओल्या मातीसारखी, हिच्यात मोहाच्या फुलांचा वास आहे. पुस्तकातली नावं तिला नंतर आली. आधी आले ते कर्जतच्या बाजारातले आणि रानातले वास. मुंबईहून आलेली मंडळी आधी गंमत म्हणून ऐकायची, मग पेल्यात नाक घालायची आणि गप्प व्हायची, कारण खरोखरच करवंद सापडायचं. रिसॉर्टात तिचं नावच 'नाक' पडलं. कुठल्या पदार्थाबरोबर काय द्यायचं हा प्रश्न पडला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, नाकाला विचारा.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. कधी कधी बुचालाच दोष लागतो. बाहेरून ते धडधाकट दिसतं, पण आतली वाइन ओल्या गोणपाटासारखी वास मारते. ती पिऊन कुणी आजारी पडत नाही. फक्त बाटलीतला सगळा जीव गेलेला असतो. हे डोळ्यांना दिसत नाही. त्याला नाकच लागतं. नम्रतानं अशा बाटल्या कितीदा तरी पाहुण्यांपर्यंत जाऊच दिल्या नाहीत. त्या वेळी मला तिचा एवढा अभिमान वाटायचा की जणू नाक माझंच.

मग ती तापाची साथ आली. नम्रता अंथरुणातून उठली, अंगात ताकद आली, पण वास काही आला नाही. तिला ते कळलं तेही उशिरा. गॅसवर दूध करपून पातेलं काळं पडलं होतं, आणि ती शेजारीच निवांत भेंडी चिरत बसली होती. तिचा नवरा नवनाथ टेंपो लावून आत आला तो खोकतच. त्यानं गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि विचारलं, तुला वास नाही आला? डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाही असं नाही. पण वाट पाहण्यात दोन पावसाळे गेले.

तिनं नोकरी सोडली आणि सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. नवनाथ म्हणायचा, आपल्याच माणसांना सांगायला काय जातं? त्यावर तिनं एकदाच उत्तर दिलं होतं.

"लोक मला बलावतात ते नाकासाठी. तेच नाय म्हटल्यावर माझ्यात काय उरलं, सांगा बरं."

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. मी तोवर तिच्याबरोबर घरी येऊन तिच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये गेलो होतो, सोलाणं आणि मेणबत्त्यांच्या संगतीला. तशीही आमची चलती संपलीच होती. आपल्याकडच्या बहुतेक वाइनच्या बाटल्यांना आता फिरवून उघडायची झाकणं आली आहेत. हातानं फिरवलं की काम झालं. त्यात ना कसब ना थाट. जाऊ द्या, म्हाताऱ्यानं नव्यांना नावं ठेवू नयेत.

एके दुपारी साईनाथ दारात उभा राहिला. हा खोपोलीच्या शिळफाट्याचा. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागला, तिथेच शिकून आचारी झाला आणि पुढे मोठ्या प्रवासी जहाजावर इटालियन स्वयंपाक करत बरीच वर्षं फिरून आला. नम्रताला तो ताई म्हणतो. आता तो कायमचा घरी आला होता आणि जुन्या सोबत्यांना एका संध्याकाळी जेवायला बोलावत होता. जेवण सगळं तिकडचं, त्याच्या हातचं. वाइन मात्र ताईनंच निवडायची, असा त्याचा हट्ट. गुडघ्यांचं कारण इथे चालण्यासारखं नव्हतं, कारण बाटल्या काही गुडघ्यांनी निवडत नाहीत. नम्रता हो म्हणाली खरी. तिला भीती वाटत होती. तिनं चुकीचं काही निवडलं तर त्याच्या कष्टाच्या जेवणाचा विचका होणार होता, आणि तिचं नाव जाणार होतं ते वेगळंच.

मित्रांनो, त्यानंतर तिनं जे केलं ते पाहून मी थक्क झालो. तिनं साईनाथकडून सगळे पदार्थ नीट विचारून घेतले. नवनाथला खोपोलीला पाठवून बाटल्या आणवल्या. मग रोज संध्याकाळी एकेक पदार्थ आपल्या समजुतीनं थोडासा करायचा, घास घ्यायचा, एक घोट घ्यायचा, आणि पुन्हा घास. वास गेला होता, पण जीभ जागेवर होती. आंबट, गोड, तुरट, तिखटाचा चटका, तोंडातला जडपणा, फेसाची चुरचूर, हे सगळं तिला कळत होतं. आजवर नाकाच्या मागे लपून राहिलेल्या त्या जिभेला तिनं पुढे आणलं. टोमॅटोच्या रश्शाबरोबर मऊ, गोडसर वाइन घेतली तर ती पाणचट लागते, हे तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं. तिथे रश्शाहून आंबट वाइन हवी होती. मटणाच्या चरबीनं जीभ माखली की तुरट वाइन ती धुऊन काढत होती, कच्चं करवंद जिभेला कोरडं करतं तशी. कोळंबीत लसूण-मिरची होती; तिथे तीच तुरट वाइन घेतली तर तोंडात नुसता भडका उडायचा, म्हणून तिथे थंड पांढरी आली. शेवटच्या गोड पदार्थाला पदार्थाहून गोड वाइन लागली. नवनाथ समोर बसून निमूटपणे सगळं खात होता. आपण एवढं चांगलं कधीपासून जेवायला लागलो, असं त्यानं एकदा विचारलं, तेव्हा ती किती तरी महिन्यांनी मोकळी हसली.

तिनं सगळ्या निवडल्या त्या नाशिककडच्या, आणि फेसाळणारी सोडली, जिचं बूच हातानंच उडतं, तर झाडून सगळ्या फिरकीच्या झाकणाच्या. तरी निघताना तिनं मला पुसून पर्समध्ये टाकलं. सवय, दुसरं काय.

शिळफाट्याला साईनाथच्या गच्चीवर टेबल मांडलं होतं. समोर घाटाचे डोंगर, खाली रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. सोबत्यांत मोहोपाड्याची ललिता होती. ती रिसॉर्टात हिशेब पाहायची, आणि घरून सगळ्यांसाठी डबा आणायची. भाजलेल्या पावावर टोमॅटो आणि हिरवी पानं घालून पहिली ताटली आली, तिच्याबरोबर फेसाळणारी वाइन. पेले रिकामे झाले. मग कोळंबीचा पास्ता आणि थंड पांढरी. साईनाथनं घास घेतला, घोट घेतला आणि नम्रताला नमस्कार केला. मी पर्सच्या फटीतून हे सगळं पाहत होतो. मला वाटलं, सुटलो आपण.

मटण आणायच्या आधी साईनाथ आत गेला आणि एक बाटली छातीशी धरून घेऊन आला. इटलीच्या एका बंदरावर, पहिल्या बढतीच्या पैशातून त्यानं ती घेतली होती आणि इतकी वर्षं जपली होती. तिला खरंखुरं बूच होतं.

"ही ताईनंच उघडायची. म्हनून तर कुनाला हात लावू दिला नाय."

नम्रतानं मला बाहेर काढलं. काम मी चोख केलं. बूच सरळ आणि अखंड वर आलं. पण मित्रांनो, ते वर येताच मला कळलं. माझ्या पिळाला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. बाटली गेलेली होती. मी ओरडलो असतो, पण आम्हाला तोंड कुठे असतं?

नम्रतानं बूच नाकाशी धरलं. डोळे मिटले. सगळे तिच्याकडे पाहत होते आणि साईनाथ तर पेले मांडून उभा होता. तिनं नुसतं 'छान' म्हटलं असतं तरी झालं असतं. सगळ्यांनी ती वाइन छान म्हणून प्यायली असती, कारण नाकानं छान म्हटलेल्या गोष्टीला वास येतो असं म्हणायची कुणाची छाती होती? साईनाथचं मन राहिलं असतं आणि तिचं नावही राहिलं असतं. तिनं डोळे उघडले. बूच हातात फिरवलं आणि शेजारी बसलेल्या ललितापुढे धरलं.

"ललिता, तू बघ गं जरा. मला वास येत नाय. त्या तापापासून अजिबात येत नाय."

ललितानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग बूच हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि हळूच म्हणाली की भिजलेल्या पोत्यासारखं काहीतरी येतंय. साईनाथनं बूच घेतलं. त्याचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांची जपणूक होती, वाईट वाटणारच. त्यानं बाटली उचलली, मोरीत ओतली आणि रिकामी बाटली बाजूला ठेवून नम्रतासमोर येऊन बसला.

"मग ही कोळंबी, ही पांडरी... ह्ये समदं कसं निवडलंस गं?"

तिनं जीभ बाहेर काढून दाखवली. सगळे आधी हसले, आणि मग ललिताला रडू आलं. एवढे दिवस आपण गुडघ्यांची चौकशी करत राहिलो, तेल पाठवत राहिलो, म्हणून तिला वाईट वाटत होतं. नम्रता तिचीच समजूत काढत बसली. नवनाथ तेवढ्यात नाशिकची तांबडी घेऊन आला, फिरकीचं झाकण काढलं आणि सगळ्यांना ओतली. मटण आलं. पेल्यात नाक घालून ललिता म्हणाली, जांभूळ. साईनाथ म्हणाला, मिरीही आहे. नवनाथला विचारलं तर तो म्हणाला, मला दारूचा वास येतोय. नम्रतानं घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि निकाल दिला की जांभूळच, कारण तुरटपणा तसाच आहे. मटणावर ती इतकी जमली होती की साईनाथनं इटलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासून या मंडळींचं जेवण असलं की वाइन नम्रताच निवडते. बूच असेल तर ते मी काढतो, हुंगते ललिता, आणि पहिला घोट नम्रताचा. कर्जतपासून खोपोलीपर्यंत तिच्याइतकं चांगलं कुणी निवडत असेल असं मला वाटत नाही. मी पक्षपाती आहे, हे मान्य.

मित्रांनो, एरवी माझ्यासारख्यांनी शेवटी स्वतःसाठी काही मागायचं असतं. मला पुसून कोरडा ठेवा, रंगाच्या डब्याला लावू नका, एवढं कराल तर बरंच. पण खरी विनंती वेगळी आहे. तुमच्यातही एखादी अशी असेल, जिच्यावर सगळे डोळे झाकून विसंबतात. तिला अधूनमधून विचारत जा, तुझं बरं आहे ना? नम्रताच्या गुडघ्यांची चौकशी सगळ्यांनी केली, तिची कुणी केली नाही. तिला भरल्या टेबलावर स्वतःहून सांगावं लागलं. लोकांना ती त्या वेळी अगदी शांत दिसली. मी तिच्या दुसऱ्या मुठीत होतो, मित्रांनो, आणि माझ्या पिळाचे वळ तिच्या तळहातावर उमटले होते.