घरातला दुसरा अर्ज

सात खेटे झाले. सात! आमच्या सूनबाईला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं, लढाईवर जायचं नव्हतं. पण धंद्याची नोंदणी करणाऱ्या त्या कचेरीने तिच्या नाकी नऊ आणले. एकदा फोटो लहान, एकदा सही वेगळी, एकदा साहेब जेवायला गेले ते उगवलेच नाहीत. मग म्हणे, "नवऱ्याचं संमतीपत्र आणा." असा नियम आहे का विचारलं तर म्हणे, "नियम नाही, पद्धत आहे." माझा लेक कामाच्या गावाहून रजा टाकून आला, सही करून परत गेला. तिच्याच मागे रांगेत उभा असलेला सायकलवाला मात्र पहिल्या दिवशीच कागद घेऊन शीळ घालत बाहेर पडला.

शनिवार तोंडावर आला होता. चौकातली कोपऱ्याची खोली, भरपूर उजेडाची, मालकाने शनिवारपर्यंतच राखून ठेवली होती. कागद दाखवा आणि किल्ली घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. नाहीतर सायकलवाला टपलेलाच होता, त्याला ती सायकलींच्या गोदामासाठी हवी होती.

शुक्रवारी आठव्या खेपेला मीच सोबत निघाले.

"आई, तुम्ही भांडाल," सून म्हणाली.

"भांडायलाच येतेय," मी म्हटलं.

पण कारकून भला माणूस निघाला. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझं भांडण घशातच राहिलं. त्याने जाडजूड रजिस्टर चाळलं आणि डोकं खाजवलं. "बाई, एका घरातून एका धंद्याचा एका वेळी एकच अर्ज चालतो. तुमच्या घरातला एक आधीच पडून आहे. तो निकालात निघाल्याशिवाय हा पुढे सरकायचा नाही."

"आमच्या घरातला? कुणाचा?" सूनबाईने विचारलं.

तो आतून फाईल घेऊन आला, धूळ झटकली. एकतीस वर्षांपूर्वीची फाईल. वरचं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

अर्ज माझा होता.

आता सांगायलाच हवं. आमचंही मशीन दुरुस्तीचंच दुकान होतं, पाटीवर ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव. सगळे ह्यांना मास्तर म्हणायचे. मास्तरांच्या हाताला गुण आहे म्हणे! हात कुणाचा? हे पुढे बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे आणि मागच्या खोलीत मशीन उघडून मी बसलेली असायची. टाका का सुटतोय, शटल कुठे घासतंय, मला नुसत्या आवाजावरून कळायचं. ह्यांना धड सुईत दोरा ओवता येत नव्हता. सून माझ्याच हाताखाली शिकली, पण मी मास्तरांकडून शिकले असं तिला वाटायचं. मीच तसं सांगितलं होतं.

एकदाच मनाने उचल खाल्ली आणि कुणाला न सांगता मी जाऊन माझ्या नावाने दुकानाचा अर्ज दिला. तेव्हाही तेच, नवऱ्याची संमती आणा. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "बघू." माणूस वाईट नव्हता हो. लोकांना कळलं तर काय म्हणतील, याची लाज वाटायची बिचाऱ्याला. ते 'बघू' काही संपलं नाही. सहा वर्षांपूर्वी हेच गेले, दुकानही मिटलं.

फाईलीवर लाल शाईत लिहिलं होतं, 'पतीची संमती येणे बाकी.'

सूनबाईने ते वाचलं, आतले रकानेही वाचले आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हा पूर्ण करायचा तर मृत्यूचा दाखला, नवी तपासणी, दोन महिने तरी धरा," कारकून म्हणाला. "मागे घ्यायचा तर आत्ता एक सही."

"मागे नाही घ्यायचा," सून म्हणाली. "खोली गेली तर जाऊ दे. आधी आईंचा कागद." आणि रडायलाच लागली, वेडी! मलाही भरून आलं. पोटच्या लेकाने तर कधी एवढंही विचारलं नव्हतं, आई, तुला हे सगळं कुणी शिकवलं?

"पुरे," मी म्हटलं. "अशा रडत बसलो तर तिथे सायकली लागतील. दे ते पेन इकडे."

अर्ज मागे घेण्याचं कारण, असा एक रकाना होता. "'घरगुती' लिहा, सगळ्या बायका तेच लिहितात," कारकून म्हणाला.

मी लिहिलं, 'धंदा करून झाला.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग माझ्या अर्जावर 'रद्द'चा शिक्का मारला, सुनेची फाईल उचलली आणि स्वतः साहेबांकडे घेऊन गेला. दुपारी कागद तिच्या हातात होता.

शनिवारी खोली मिळाली. सोमवारी सुनेने आपला कागद भिंतीवर लावला आणि पिशवीतून आणखी एक चौकट काढली. माझा रद्द झालेला अर्ज! कधी त्याची नक्कल मागून घेतली होती, देव जाणे.

"काढ ते. लोक हसतील," मी म्हटलं.

"हसू देत," म्हणाली आणि खिळा ठोकला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमचा जुनाच शिंपी. मशीन टेबलावर ठेवून तो चष्मा सावरत भिंतीजवळ गेला आणि मोठ्याने वाचू लागला. "दुरुस्तीचं काम कोण करणार... मी स्वतः." मग वळून माझ्याकडे बघितलं. "वहिनी, म्हणजे इतकी वर्षं माझं मशीन कोण उघडत होतं?"

"मी," मी म्हटलं. "बसा, आत्ताही मीच उघडते."