बागेची नळी

ब्लोअरचा अर्ज चौथ्यांदा परत आला, तेव्हा केमिस्टबाईंनी तो दोनदा वाचला आणि टेबलावर आपटला. मुख्य कार्यालयाचा शेरा सुबक अक्षरात होता: ‘गेल्या वर्षभराचे सर्व अहवाल समाधानकारक. सबब नव्या ब्लोअरची आवश्यकता दिसत नाही.’

आता डोकं आपटायचं तरी कुठे? शहरभराचं सांडपाणी या केंद्रात येतं, टाक्यांतून फिरतं आणि नदीत जातं. टाक्यांत हवा सोडणारे ब्लोअर दोन, त्यातला एक अकरा महिने बंद. हवा नाही तर घाण खाणारे जंतू जगत नाहीत, आणि जंतू नाहीत तर घाण जशी आली तशी नदीत. शेंबड्या पोरालाही कळेल. मुख्य कार्यालयाला कळत नव्हतं, पण त्यांना तरी कुठल्या तोंडाने बोलायचं? ते समाधानकारक अहवाल बाईंच्याच सहीचे होते.

त्याचं असं झालं. ब्लोअर बंद पडला त्या महिन्यात केंद्राचे साहेब म्हणाले, “एवढ्या वेळी सांभाळून घ्या बाई, नवा येतोच आहे.” सांभाळून कसं घ्यायचं ते ऑपरेटर मामांनी शोधून काढलं. नमुना घेण्याआधी तासभर बागेची नळी नदीकडे जाणाऱ्या चरात, बाटली भरतात तिथेच सोडायची. चांगलं पाणी मिसळलं की घाणीचा आकडा मर्यादेत. “पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतोच की,” मामा म्हणाले होते. एकदा झालं, दोनदा झालं, मग ते सगळ्यांच्या अंगवळणीच पडलं.

आज पुन्हा नमुन्याचा दिवस. बाई बाटली घेऊन चरापाशी आल्या, तर नळी धो धो वाहत होती आणि मामा शेजारी खुर्ची टाकून बसलेले. तेवढ्यात ताईचा फोन आला. ताईचं घर नदीच्या खालच्या अंगाला.

“काय उकडतंय गं,” ताई म्हणाली. “दोन्ही पोरं सकाळपासून नदीत डुंबताहेत. शेजारीण म्हणते पाण्याला वास येतो, अंगाला खाज सुटते. मी म्हटलं, पाणी चांगलं असल्याचा माझ्या बहिणीच्या सहीचा कागद काठावरच्या फलकावर आहे. ती खोट्यावर सही करायची नाही.”

“ताई, पोरांना आधी बाहेर काढ. साबणाने आंघोळ घाल. मी संध्याकाळी येते.”

फोन ठेवून त्यांनी तडक जाऊन नळ बंद केला. मामा उठून उभे राहिले. “अहो बाई, नोटीस येईल.”

“येऊ दे. नोटीस आली तरच ब्लोअर येईल, मामा. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेत बसलोय अकरा महिने.”

तासाभराने चरातलं खरं पाणी बाटलीत भरलं. दुपारी आकडा आला: मर्यादा तीस, निघाले एकशे बारा. बाईंनी सही केली आणि खाली शेरा लिहिला, की मागच्या अकरा नमुन्यांत बागेचं पाणी मिसळलेलं होतं. साहेब म्हणाले, “हे लिहायची काय गरज होती? नोकरी जाईल तुमची.” बाईंनी अहवालाची एक प्रत ब्लोअरच्या पाचव्या अर्जाला जोडली.

दुसरी प्रत घेऊन त्या संध्याकाळी नदीकाठी गेल्या. फलकावरचा जुना कागद काढून नवा लावला. ताई पोरांना घेऊन आली होती. धाकट्याच्या मानेवर लाल चट्टे होते, आणि तो खाजवत होता.

ताईने कागद सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

“मग आधीच्या कागदांवर सही कुणाची होती?” तिने विचारलं.

“माझीच,” बाई म्हणाल्या.