उघडा तळ

म्हाताऱ्या गवंड्याने आयुष्यभर लोकांच्या भिंती सरळ केल्या, पण सुनेच्या टाकीकडे नजर गेली की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. पाच फूट लांब काचेची टाकी, आत खारं पाणी, दगडांवर वाढवलेले जिवंत प्रवाळ, जांभळे, पोपटी, शेंदरी. आणि खाली? नुसती काच. वाळूचा एक कण नाही.

"अगं, समुद्राला तळ असतो. ही काय उघडीनागडी टाकी!"

"बाबा, घाण वाहून न्यायला समुद्राकडे अख्खा समुद्र आहे. माझ्याकडे पाच फूट आहेत."

असं म्हणून ती नळीने तळावरची घाण ओढायला लागायची. रोज सकाळी, शाळेच्या प्रयोगशाळेत कामावर जाण्याआधी. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं काचेवर पडलं की दिसतं आणि दिसलं की निघतं. वाळूत मुरलं की कुजतं, आणि तसलं पाणी प्रवाळांना सोसत नाही. शिवाय वाळू नाही म्हणून पंप पूर्ण जोरात चालवता येतात, प्रवाळांना हवी तशी लाट मिळते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आठ वर्षं पदरचे प्रवाळ मारून ती शिकली होती. ज्यांना शिकवता आलं असतं ते शहरातल्या मत्स्यालयाचे जाणकार तिच्या उघड्या टाकीला हसण्यात गुंतले होते.

आता त्याच हसणाऱ्यांचं घोडं अडलं होतं. मत्स्यालयाच्या मोठ्या टाकीतले प्रवाळ वर्षात दोनदा मेले, भिंतभर पदव्यांना काही सुचेना, तेव्हा तिथल्या मुख्य बाई सुनेची टाकी बघायला संध्याकाळी घरी येणार होत्या. टाकी पसंत पडली तर तिथले प्रवाळ सांभाळायचं काम तिचं.

म्हाताऱ्याला वाटलं, पाहुण्यांसमोर पोरीचं हसं नको. हे प्रेमच होतं. प्रेमाने माणसं जेवढा सत्यानाश करतात, तेवढा वैऱ्यालाही जमत नाही.

सून कामावर गेल्यावर त्याने वाळू सात पाण्यांनी धुतली, उन्हात सुकवली. गिलाव्याच्या सगळ्यात बारीक चाळणीने चाळली, अगदी मैद्यासारखी. जाडीभरडी वाळू घालायला तो काय नवशिका होता? पंपांचं बटण बंद करून त्याने वाळू हलकेच तळाशी सोडली आणि थापीने तळ असा सपाट केला की गोटी ठेवली तर हलू नये. दोन पावलं मागे सरून पाहिलं. जीव सुखावला. मग बटण चालू केलं.

टाकीत वादळ उठलं. क्षणात आतलं काही दिसेना.

फोनवर सून एवढंच म्हणाली, "पंप बंद करा. हात घालू नका. आले मी."

आली ती चपलांसकट टाकीपाशी. वाळू हळूहळू खाली बसत होती आणि प्रत्येक फांदीवर पांढरा थर चढला होता. प्रवाळांची बारीक तोंडं मिटली होती, अंगाला चिकट बुळबुळीत पाणी सुटलं होतं.

"शिव्या दे ना मला," म्हातारा म्हणाला.

"वेळ नाही बाबा. पंप लावले तर वाळू पुन्हा उडेल. बंद ठेवले तर सगळे गुदमरतील. मासेही." तिने हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र आत टाकलं. "वाळू ओढून काढायची म्हणजे पाणीही जाणार. आणि बदली घालायला मीठ कालवून ठेवलेलं पाणी चाळीसच लिटर आहे. माझी नळी जाडी, दहा मिनिटांत तेवढं पिऊन टाकेल."

"बारीक नळी हवी?"

"आहे कुठे?"

गवंड्याने आपल्या पिशवीतून पाणसळीची नळी काढली. दोन भिंतींची पातळी जुळवायची ती, करंगळीएवढी, आरपार दिसणारी. सुनेने ती गरम पाण्याने धुतली आणि टाकीत सोडली. तिच्या दुसऱ्या हातात रबरी पिचकारी. एका फांदीवर हलकी फुंकर मारायची, उडालेली वाळू खाली बसण्याआधी नळीने ओढायची, मग पुढची फांदी. म्हातारा बादलीपाशी नळी चिमटीत धरून बसला. "सोड" म्हटलं की सोडायची, "धर" म्हटलं की दाबायची.

त्याने नामांकित कारागीर पाहिले होते. असा हात पाहिला नव्हता. फांदी सुपारीएवढी, वाळू पिठासारखी, आणि पोरीचं मनगट तासभर थरथरलं नाही. दगड तिने फक्त तीन-तीन टेकूंवर तोलले होते, खालून लाट आरपार जावी म्हणून. इतकी वर्षं नाकासमोर असून हे त्याला आज दिसलं. त्याने स्वतः काय केलं होतं? ठेकेदार म्हणाला की भेगेवर गिलावा फासला, ओल दिसली की रंग मारला. झाकणं म्हणजेच काम, अशी समजूत करून घेतली होती.

बाई आल्या तेव्हा तिसरी बादली भरत होती.

"हे काय झालं?"

"टाकी माझी, चूक माझी," सून मान न वळवता म्हणाली.

"खोटं बोलते!" म्हातारा कडाडला. "वाळू मी घातली. हिची टाकी उघडीच होती, आणि चांगली होती."

बाई खुर्ची ओढून बसल्या. तळ पुन्हा काचेचा होईपर्यंत उठल्या नाहीत. शेवटी पाणी घालून सुनेने पंप लावले, मंद, मग जरा जोरात. कोपऱ्यातला एक निळा प्रवाळ वाचला नाही. त्याचं कातडं लाटेबरोबर सुटून गेलं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. बाकीच्यांनी तासाभरात एकेक तोंड उघडलं.

"आमच्याकडे सहा इंच वाळू आहे," बाई म्हणाल्या.

"ती आधी काढावी लागेल."

"बघायला येणाऱ्यांना आवडते हो."

"मग त्यांना वाळूच दाखवा. प्रवाळ कशाला मारता?"

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. गेलं काम.

बाईंनी टाकीच्या उघड्या तळाकडे पुन्हा एकदा वाकून पाहिलं. "सोमवारी या," त्या म्हणाल्या. "किती दिवस लागतील काढायला?"

"एकदम काढली तर खालची कुजकी घाण पाण्यात उठेल. थोडी थोडी काढू. दोन महिने." सुनेने ओले हात पुसले. "आणि नळी धरायला माझा माणूस बरोबर येईल."

"कोण?"

सुनेने सासऱ्याकडे बोट दाखवलं. "कामाला चोख आहेत. फक्त एकटं सोडायचं नाही."