फोटोसारखा चेहरा

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बाप संगणकावर आपल्याच लेकीचे गाल पुसत होता. त्याचा हा रोजचाच धंदा. लग्नाच्या मुलींचे फोटो आले की पुटकुळ्या, व्रण, डाग सगळे तो चुटकीसरशी नाहीसे करी आणि कोणी न सांगता रंगही थोडा उजळ करून देई.

लेक शाळेत खेळ शिकवायची. दिवसभर मैदानात उभे राहून तिच्या गालांवर आणि कपाळावर तपकिरी वांग उमटले होते. तिला त्याचे काही वाटत नव्हते. तिने तयार केलेली पोरे शर्यती जिंकत होती, ती त्यातच खूष होती. पण मुलगी काय करते हे आपल्यात कोणी विचारत नाही. तिच्या तोंडावर काय आहे ते मात्र चष्मा न लावताही सगळ्यांना दिसते.

"झाला बघ," बाप म्हणाला.

लेकीने पडद्याकडे पाहिले. "बाबा, ही कोण?"

"तूच की! जरा तोंड धुतलेली."

दोघेही हसले. फोटो स्थळाकडे गेला. मुलगी पसंत आहे, दोन महिन्यांनी प्रत्यक्ष भेटायला येतो, असा निरोप आला. घरात आनंद झाला आणि पाठोपाठ आईला काळजी लागली. आता चेहरा फोटोसारखा करायला हवा होता! फोटोच चेहऱ्यासारखा ठेवावा, एवढी साधी गोष्ट त्या घरात कोणाला सुचली नाही. ती कोणाच्याच घरात सुचत नाही, म्हणून तर असले धंदे चालतात.

आईने पार्लरवालीकडून एक पांढरी डबी आणली. तिच्यावर ना नाव, ना लेबल.

"यात काय काय आहे गं?" लेकीने विचारले.

"ते ती सांगत नाही. पण गुण येतो म्हणजे येतोच."

आई रोज स्वतःच्या हाताने, अगदी मायेने ते क्रीम लावू लागली.

"आई, जळजळतंय."

"म्हणजे लागू पडतंय. सोस थोडं."

आणि खरेच, थोड्याच दिवसांत वांग फिके पडले. गाल उजळले. जो तो कौतुक करू लागला. आई तर हवेतच होती.

मग गाल लाल दिसू लागले. कातडी इतकी पातळ झाली की आतल्या बारीक शिरा दिसू लागल्या. हनुवटीवर लव आली, पुटकुळ्या उठल्या. मैदानावर पाऊल टाकले की तोंडावर निखारे ठेवल्यासारखे होई. एकदा क्रीम लावायचे राहिले, तर सगळा चेहरा पेटून उठला.

"बघ, लावलं नाहीस म्हणून झालं हे," आई म्हणाली आणि तिने आणखी जाड थर दिला. ज्या क्रीमने चेहरा जाळला, तेच तिला औषध वाटत होते.

शेवटी लेकच आईला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी डबी पाहिली आणि टेबलावर आपटली.

"स्टेरॉइड असणार यात. हे आजपासून बंद. मी देते ती औषधं घ्यायची. चेहरा आधी आणखी सुजेल, लाल होईल. घाबरून पुन्हा हे लावलंत, तर यातून सुटका नाही."

"आणि तिचं वांग?" आईने विचारले.

"त्यानं जिवाला काही होत नाही हो! उन्हात टोपी, सनस्क्रीन, साधं औषध आणि धीर. हळूहळू फिकं होईल. पूर्ण जाईलच असं नाही. नाही गेलं तर काय बिघडलं?"

"रविवारी पाहुणे यायचेत. तेवढा रविवार जाऊ दे, मग बंद करू," आई काकुळतीने म्हणाली.

"रविवार पाहुण्यांचा असेल, आई. तोंड माझं आहे," लेक म्हणाली.

तिने क्रीम बंद केले. रविवारी ती पाहुण्यांसमोर आली तेव्हा चेहरा सुजून लाल झाला होता. मुलाच्या आईने मोबाइलवरचा फोटो पाहिला, मग सरळ उठून तिची हनुवटी धरली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवले. वाटेल तिथे हात लावायला ही काय दुकानातली वस्तू होती? मुलगा मान खाली घालून चहा पीत राहिला.

लेकीने तो हात बाजूला केला आणि सगळे सांगून टाकले. वांग, डबी, आधी उजळलेले गाल, नंतरची आग.

"फोटो मी बदलला होता. चूक माझी आहे," बाप म्हणाला.

"चूक कसली, शुद्ध फसवणूक आहे ही! चल रे," म्हणत मुलाची आई उठली.

दारापर्यंत जाऊन मात्र ती थांबली. लेकीच्या आईला तिने बाजूला घेतले आणि आवाज खाली आणला.

"अहो, पण आधी उजळली होती म्हणालात ना? आमची धाकटी सावळीच आहे. त्या पार्लरवालीचा नंबर देता?"

असाच आवाज खाली आणून लेकीच्या आईनेही कोणाकडे तरी हाच नंबर मागितला होता.

"माझ्या लेकीचं तोंड आत्ता पाहिलंत ना तुम्ही?"

"हो, पण आम्ही अगदी थोडंच..."

"नाही देणार!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारचे दार उघडले. "आणि तुमच्या धाकटीला माझ्याकडे पाठवा. मी सांगते तिला, आई स्वतःच्या हातानं लावायला आली तरी लावून घेऊ नकोस!"

मुलाची आई फणकाऱ्याने जिना उतरून गेली. नंबर तिला दुसरीकडून मिळालाच असेल. तुमच्याआमच्यातल्याच कोणीतरी दिला असेल.