पावावरचा क्रूस

मी एक नक्कल आहे. जुनी, काठाशी तडा गेलेली, पण नक्कलच. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना ते नेहमी उशिरा कळले आणि कळताच त्यांची तोंडे आंबट झाली.

माझा जन्म व्हिएन्नाच्या चित्रसंग्रहालयात झाला. ओटिली नावाची बाई तिथल्या एका थोर चित्रापुढे बसून मला रंगवत असे. खिडकीशी बसलेली, पाव छातीशी धरून कापणारी एक म्हातारी, एवढेच ते चित्र. कुणी फसू नये म्हणून नक्कल मुळाहून वीतभर लहान काढायची आणि तिच्या पाठीवर शिक्का मारून घ्यायचा, असा तिथला नियम होता. ओटिलीने तो पाळला. पाव तिने सगळ्यांत शेवटी रंगवला. रंगवता रंगवता तिच्या हाताने सवयीने पावाच्या तळाशी क्रूसाच्या दोन बारीक रेघा ओढल्या. तिच्या आईने सुरीच्या टोकाने असा क्रूस काढल्यावाचून कधी पाव कापला नव्हता. ‘राहू दे,’ असे स्वतःशीच म्हणून तिने कुंचला धुतला.

पुढे बरीच वर्षे मी एका दंतवैद्याकडे टांगलेली होते. गाल धरून बसलेल्या माणसांना माझ्याकडे बघायला कुठली फुरसत? मग जुन्या बाजारात धूळ खात पडले. तिथून मला विद्यापीठाने उचलले.

माणसाला सुंदर काय वाटते आणि का वाटते, याचा शोध तिथे चालतो. विंडिश सर तत्त्वज्ञानाचे, यूडिट बाई मानसशास्त्राच्या. मला भिंतीवर लावून ते माझ्याखाली एक दिवस ‘मूळ चित्र’ अशी पाटी ठेवत, दुसऱ्या दिवशी ‘नक्कल’ अशी. मी तीच असे. पण पहिल्या पाटीपुढे लोक आवाज खाली आणत, आणि दुसरीपुढे घड्याळ बघत. मला फार लागत असे ते.

“बघा सर, लोक पाटी बघतात, चित्र नाही,” यूडिट बाई म्हणत.

“अगं, कुणाच्या हातचं आहे यावर चव ठरतेच. आईच्या हातचं जेवण आणि खानावळीतलं एक असतं का?”

“तुमच्या आईच्या हातचं जेवलेय मी, सर. खानावळ परवडली.”

एकदा ‘मूळ’ पाटीच्या दिवशी पोकोर्नी आजोबा आले. आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस. ते माझ्यापुढे बसले, पुढे वाकले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. “माझी हेर्मी गेली, तेव्हापासून मला रडूच आलं नव्हतं हो,” ते म्हणाले.

प्रयोग संपल्यावर खरे काय ते सांगायचे, असा यांचाही नियम. सरांनी बाईंना बाजूला घेतले. “नको सांगूस. म्हाताऱ्याचं सुख हिरावून काय मिळणार आहे?”

“आणि खोट्यावर घरी पाठवू त्यांना?” असे म्हणून बाईंनी सांगून टाकले.

आजोबांचा चेहरा लालबुंद झाला. “म्हणजे मी खोट्यापुढे रडलो? बायकोच्या नावानं?” टोपी उचलून ते निघून गेले. आपण नसतो तर बरे झाले असते, असे मला त्या दिवशी प्रथमच वाटले.

काही दिवसांनी ते परत आले. “मला ते खरं चित्र दाखवा. तिथं रडू आलं, तर माझं रडणं खरं.” दोघे त्यांना संग्रहालयात घेऊन गेले. मी खिळ्यावर वाट बघत राहिले. मुळापुढे माझा काय पाड लागणार?

ते परतले ते थेट माझ्यापाशी. आजोबांनी कोटही काढला नव्हता. “तिथं क्रूस नाही,” ते म्हणाले.

“कसला क्रूस?” सरांनी विचारले.

“पावावरचा! हेर्मी रोज काढायची, सुरी लावायच्या आधी. मी रडलो ते याला बघून. तुमच्या त्या थोर चित्रात पाव नुसताच आहे.”

रोज मला हाताळणाऱ्या यूडिट बाई वाकल्या आणि त्यांनी त्या दोन रेघा पहिल्यांदाच पाहिल्या. “आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

“कसं येणार, बाई? तुम्ही पाट्या बदलण्यात गुंतला होतात,” आजोबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. “पण हे काढलंय कुणी?”

त्यांनी मला उलटे केले. शिक्क्याखाली पेन्सिलीने लिहिलेले होते : ओटिली. इतक्या वर्षांत ते नाव प्रथमच मोठ्याने वाचले गेले. मला रडता येत नाही, मित्रांनो, नाहीतर मीही रडले असते.

आता मी विद्यापीठाच्या वऱ्हांड्यात असते. पाटीवर ‘ओटिली’ एवढेच आहे. तुम्ही चित्रापुढे किंवा माणसापुढे उभे राहाल, तेव्हा पाटी जरूर वाचा. पण आधी थोडे बघा. कुणीतरी आपल्या घरची एक रेघ तिथे ठेवून गेलेले असते, ती पुसट होऊ देऊ नका.

पोकोर्नी आजोबा अधूनमधून येतात. टोपी काढून पावाकडे बघत उभे राहतात. तेवढा वेळ मी कुणाचीच नक्कल नसते.