मडक्यातला थोरला

घरून चादर आणि थर्मास घेऊन येतो, असं बायकोला सांगून जाम्रिन इस्पितळातून निघाला आणि घरी पोचताच कुदळ घेऊन उंबऱ्याशी उकरायला बसला. चार वर्षांपूर्वी अलवान जन्मला, तेव्हा त्याची वार सासूबाईंनी मडक्यात घालून इथेच पुरली होती. बायको विविक मूळची जावा बेटाकडची, आणि त्या लोकांची रीतच तशी. वर टोपली पालथी घालून दिवा लावला होता आणि तो विझू नये म्हणून म्हातारी जिवाचं रान करत होती.

जाम्रिन बाजो, समुद्रावर घरं बांधून राहणाऱ्यांतला. त्याच्या लोकांत वार म्हणजे बाळाचा थोरला भाऊ. तो समुद्रात सोडायचा, मग तो तिथून धाकट्याला जन्मभर सांभाळतो. पण घरजावयाचं कोण ऐकणार? त्या दिवशी तो मूग गिळून गप्प बसला होता.

आता अलवानला डेंगी झाला होता. रक्तातल्या पेशी रोज उतरत होत्या आणि डॉक्टरही बोलताना नजर चुकवत होते. अशात जाम्रिनच्या बेटावरून त्याच्या आईचा फोन आला.

"थोरल्याला मातीत कोंडलंय तुम्ही. तो घुसमटतोय, म्हणून धाकटा तापलाय. त्याला पाण्यात आण. डॉक्टर त्याचं काम करील, तू तुझं कर."

जाम्रिनला ते पटलं. कुणी हसू नये. पोर तापानं फणफणलं की बापाला काय पटेल, याचा काही नेम नसतो. विविकला मात्र सांगायची सोय नव्हती. तिच्या माहेरी पुरलेली वार उकरणं म्हणजे पोराच्या मरणाला आवतण देणं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो खोटं बोलला.

मडकं अख्खं निघालं. आत नुसती काळी माती होती. ते लुंगीत बांधेपर्यंत रस्त्यावर आंपाना बंदराकडे जाणारी वडापची गाडी हॉर्न वाजवायला लागली, आणि खड्डा तसाच टाकून तो धावला.

"मांडीवर काय घेतलंयस रे?" गाडीवाला तोबोंदो म्हणाला. "सुकट असेल तर टपावर टाक. माझ्या गाडीला आठवडाभर वास राहतो."

"सुकट नाही, काका. पोराचा भाऊ आहे."

तोबोंदोनं आरशातून मडक्याकडे पाहिलं आणि गाणी बंद केली. "पोरगं कुठंय?"

"इस्पितळात."

"मग घट्ट धरून बस. जेवायला कुणाला उतरू देत नाही आज."

आणि खरंच दिलं नाही. मागच्या बायका कुरकुरल्या, घाटात एकीला ओकारी झाली, तिला त्यानं नुसती पिशवी मागे दिली. पोसो गावाच्या अलीकडे विविकचा फोन आला.

"अलवानचे बाबा, चादर विणून आणताय का? तो सारखा विचारतोय."

"मोटारसायकल पंक्चर झालीय. येतोच म्हणावं."

आंपानाच्या धक्क्यावर पोचल्यावर त्यानं फोनच बंद केला. बॅटरी वाचवायला, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो भ्याला होता. बेटाकडची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तोवर तो मडकं उशाशी घेऊन आडवा पडून राहिला.

सकाळी बोटीवर पर्यटकांची ही गर्दी. गळ्यात पाण्याखाली बघायचे चष्मे, पाठीवर पोहताना पायांत घालायचे रबरी पंख. लग्नाआधी जाम्रिन असल्याच लोकांना प्रवाळ दाखवून पोट भरायचा. जकार्ताची एक मुलगी शेजारी येऊन बसली.

"काका, मासे कुठे छान दिसतात?"

"सगळीकडेच."

"आणि शार्क?"

"लाजाळू असतात. तुम्हालाच भितात."

ती हसली आणि तिनं बिस्किटं पुढे केली. त्यानं अधाशासारखी खाल्ली, आणि खाता खाता त्याला स्वतःची किळस आली.

बेटावर, वाकाईच्या धक्क्याला, आई होडी घेऊन उभीच होती. घरी न जाता दोघं थेट प्रवाळाच्या कडेला गेले. घराण्यातले सगळे थोरले तिथेच सोडलेले. आता तिथे पर्यटक पाण्यात तोंड घालून तरंगत होते. म्हातारीनं वल्हं आपटून त्यांना हाकललं. जाम्रिननं सूर मारला आणि कपारीशी मडकं पालथं केलं. माती तपकिरी धुरळ्यासारखी पसरली, बारके मासे तिला टोचून गेले, पाणी पुन्हा नितळ झालं.

"मोकळा झाला गं बाई," म्हातारी म्हणाली. कित्येक दिवसांनी जाम्रिन हसला.

बेटावर फोनला रेंज फक्त पर्यटकांच्या हॉटेलच्या धक्क्यावर. तिथे उभं राहून त्यानं विविकला लावला.

"पहाटे गेला," ती म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. "घरी आणला, तर दारात खड्डा. तुम्ही काढलंत?"

"हो."

"कुठे आहे?"

"पाण्यात सोडला."

मग ती म्हणाली, "दुपारच्या नमाजानंतर न्यायचाय. बाबा विचारतायत, तुमच्यासाठी थांबायचं का?"

परतीची बोट परवा होती. "थांबू नका," जाम्रिन म्हणाला, आणि तिथेच धक्क्यावर बसून राहिला.

म्हातारीनं ऐकून ऊर बडवला. "उशीर केलास रे! चार वर्षं उशीर केलास!"

बायकोच्या लेखी उकरलं म्हणून पोर गेलं, आईच्या लेखी आधी उकरलं नाही म्हणून. जाम्रिनला दोघींचंही खरं वाटत होतं.

दुपारी मेव्हण्याचा फोन आला. तो कबरीत उतरला होता.

"भाऊजी, माती लोटायच्या आधी त्याच्या कानात अजान द्यायचीय. मान बापाचा. मी फोन कानाशी धरतो, तुम्ही म्हणा."

आजूबाजूला पर्यटक धडाधड पाण्यात उड्या मारत होते. जाम्रिननं तोंडाभोवती हात धरला आणि अजान सुरू केली. शेवटपर्यंत म्हटली. मग फोनकडे पाहिलं, तर रेंज कधीच गेली होती.