पिवळं दार

वसाहत मोठी देखणी. भिंती पांढऱ्या, दारं राखाडी, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. अण्णांचा घात झाला तो इथेच. उभा जन्म बस चालवण्यात गेला, पण रस्ता कधी चुकला नाही हा माणूस. आता मात्र विसर असा पडायला लागला की फिरून आले की भलत्याच घराची बेल वाजवत. दारावर नंबर होते, पण आपला कोणता तेच आठवत नसे. एकदा तर शेजारणीच्या सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "चहा टाक गं जरा." ती बिचारी किंचाळत बाहेर पळाली.

रंग तेवढा त्यांच्या डोक्यात राहायचा. लेकीने बाथरूमच्या दाराला पिवळा कागद चिकटवला आणि ते दार ते पुन्हा चुकले नाहीत. म्हणून तिने वसाहतीच्या समितीकडे बाहेरचं दार पिवळं करायची परवानगी मागितली. ती दिवसभर दवाखान्यात कामाला, घरात तिसरं माणूस नाही. परवानगी मिळाली नाही, तर बापाला कोंडून ठेवायची पाळी येणार होती.

"एकाला दिलं की दहा जण मागतील," अध्यक्ष म्हणाले. "उद्या कुणाला जांभळं हवं असेल."

"दहा जणांचे वडील हरवत नाहीत हो, साहेब."

पण ऐकतो कोण? रंगाचा नमुना आणा, शेजाऱ्यांची संमती आणा. बाईने ऑफिसचे उंबरे झिजवले.

शेवटी अध्यक्ष आपल्या पायांनी घरी आले, चेहरा नुसता फुललेला. "ताई, मंजूर. रंग सगळ्यांनाच आवडला. म्हटलं, कुणाची कुरकुर नको, सरसकट सगळीच दारं पिवळी करून टाकू. तुमच्यामुळे झालं बरं का."

तिने खूप समजावलं. पण ठराव झाला होता, आणि झालेला ठराव म्हणजे यांच्या लेखी ब्रह्मवाक्य.

रंगारी काम आटोपून गेले त्या संध्याकाळी ती कामावरून परतली, तर अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे. एका दाराकडे दोन पावलं जात, थबकत, मागे फिरत. तिने हात धरून घरी आणलं. तिला रडू आवरेना.

 अण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "उद्यापासून जाताना बाहेरून कुलूप लाव, बाळ. मी काही म्हणणार नाही."